सनरूफवाली गाडी धुताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

नव्या गाडीवाल्याला पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन प्रश्न पडतात. सोसायटीत रोज गाडी पुसायला येणाऱ्याला लावावं का? पंपावरच्या ब्रशवाल्या मशीनमध्ये गाडी घातली तर रंगाची वाट लागते का? आणि सनरूफ असेल तर पाणी आत येतं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे उरलेले दोन सोपे होतील. हो, सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येतं. शोरूममधून कालच आणलेल्या गाडीतही येतं. येणार हे धरूनच सनरूफ बनवलेलं असतं आणि त्या पाण्याला बाहेर जायला वाट करून दिलेली असते. आपल्याकडे तक्रार सुरू होते ती ही वाट बुजल्यावर. धुण्याच्या पद्धतीवर किंवा मशीनवर खापर फुटतं ते नंतर.

छपरातलं पाणी जातं कुठे

सनरूफची काच बंद झाली की तिच्या कडेचं रबर छताच्या पत्र्याला टेकतं. पाण्याचा मुख्य लोट अडवणं आणि वाऱ्याचा आवाज थांबवणं एवढंच त्या रबराचं काम. त्यातून जे झिरपतं ते काचेखालच्या चौकटीतल्या पन्हळीत पडतं. बहुतेक गाड्यांत या पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला एक लवचीक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खाली उतरतात आणि दाराच्या बिजागरीपाशी किंवा पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत पाणी सोडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकापाशी नाहीतर बंपरच्या आतल्या बाजूला सुटतात. पॅनोरॅमिक सनरूफमध्ये काच मोठी, पन्हळ लांब, म्हणून कचरा गोळा व्हायलाही जागा जास्त.

सोसायटीच्या गच्चीचंच घ्या. वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी पावसाळी पाइपच्या तोंडाशी पालापाचोळा बसला की गच्चीवर तळं साचतं आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल धरते. तिथे आपण आधी जाळी साफ करतो, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतो. सनरूफला नेमकी हीच शिस्त लावायची. म्हणूनच गळतीची तक्रार ऐकून लगेच सिलिकॉन सीलंटची ट्यूब बाहेर काढणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. काचेच्या कडेने सीलंट भरलं की सनरूफ उघडताना रबर फाटतं, आणि बुजलेली नळी बुजलेलीच राहते.

मे महिन्यात करायचं काम

आगोटीची कामं करताना ताडपत्री आणि छत्र्यांच्या जोडीला हेही घ्या. ठाणे-नवी मुंबईत याला खास कारण आहे. एप्रिल-मे मध्ये सोनमोहर आणि गुलमोहर गाडीवर पाकळ्यांचा सडा घालतात. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल तर मेट्रोच्या कामाची आणि उभ्या राहणाऱ्या टॉवरांची सिमेंट मिसळलेली धूळ वर्षभर बसत असते. तुर्भे-महापेच्या पट्ट्यात कंपन्या आणि ट्रक-टर्मिनलची. धूळ, पाकळ्या आणि पहिल्या वळवाचं पाणी एकत्र आलं की पन्हळीत काळा चिकट गाळ होतो आणि तो थेट नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी शक्यतो सपाट जागेवर, उजेडात लावा. पोडियमच्या रॅम्पवर नको, उतारावर पाणी एकाच टोकाला धावतं आणि निष्कर्ष चुकतो.

1. सनरूफ पूर्ण उघडा. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून वरून पाहा. पुढच्या दोन कोपऱ्यांत पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी भोकं दिसतील. काही गाड्यांत ती पन्हळीच्या वळणाआड असतात, मोबाइलचा टॉर्च लागतो.

2. आधी कोरडा कचरा उचला. जुना दात घासायचा ब्रश आणि ओलं मायक्रोफायबर पुरतं. ब्रशने गाळ भोकाकडे लोटू नका, भोकापासून दूर ओढून फडक्यात घ्या. पहिल्यांदा पुसाल तेव्हा फडकं काजळीसारखं काळं निघेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

3. चहाच्या कपाने थोडं थोडं पाणी एका कोपऱ्यातल्या भोकापाशी ओता. अर्धा कप पुरे. दुसऱ्या माणसाला त्याच बाजूच्या पुढच्या चाकामागे पाहायला सांगा. काही सेकंदांत खाली धार किंवा जलद थेंब दिसले की ती नळी मोकळी आहे.

4. पाणी पन्हळीतच उभं राहिलं, किंवा खूप वेळाने एकेक थेंब पडू लागला, तर नळी तुंबली आहे. आणखी पाणी ओतू नका, ते पन्हळीच्या काठावरून थेट छताच्या कापडात उतरेल.

5. तुंबलेल्या नळीत गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला. साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीची घ्या आणि टोक पेटत्या काडीवर धरून गोल करा. हलक्या हाताने, फिरवत फिरवत सरकवा. अडली तर जोर लावायचा नाही. कितीतरी गाड्यांत नळीच्या खालच्या तोंडाला रबरी झडप असते, दोरी तिथे थांबते. त्या झडपेतच गाळ बसला असेल तर खालून दोन बोटांनी ती दाबून मोकळी करता येते.

6. पुन्हा अर्धा कप पाणी ओतून पाहा.

मागच्या कोपऱ्यातली भोकं बहुतेक गाड्यांत वरून हाताला लागत नाहीत. ती सर्व्हिसच्या वेळी करून घ्या.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, टायरवाल्याकडचा हवेचा पाइप नळीत लावू नका. त्या दाबाने नळी वरच्या जोडापासून निसटते आणि मग सगळं पाणी खांबाच्या आत सांडतं. दहा मिनिटांच्या कामाचं रूपांतर छत उतरवण्याच्या कामात होतं. दोन, खांबावरचं प्लॅस्टिक कव्हर स्वतः उपसू नका. कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ती त्या कव्हराच्या आत, छताच्या कडेने बसवलेली असते.

हात लागलेच आहेत तर काचेचं रबर ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, इंजिन ऑइल यांच्या वाटेला जाऊ नका. व्हॅसलीन आणि इंजिन ऑइल ही पेट्रोलियमची पैदास, रबर फुगवतात. तेलकट रबरावर धूळ तर आणखीच बसते.

रोज पुसणाऱ्याचा प्रश्न

आता धुण्याकडे वळू. ठाण्या-नवी मुंबईत गाडीचा रंग जो खराब होतो त्यात पंपावरच्या मशीनपेक्षा रोजच्या पुसण्याचा वाटा मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी सहा वाजता स्टिल्ट पार्किंगमध्ये उतरून पाहा. एक बादली, एक फडकं, वीस-पंचवीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं आणि सहाव्या गाडीची धूळ त्याच फडक्यातल्या वाळूने घासली जाते. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. एका गाडीमागे त्याला जे मिळतं आणि ऑफिसवाले निघायच्या आत जेवढ्या गाड्या उरकायच्या असतात, त्यात दुसरं काही शक्यच नसतं.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा-पंचविसावा भाग. बारीक ओरखडे याच थरावर उठतात. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल. ते गोल फिरवलेल्या धुळकट फडक्याचं काम.

पुसणारा लावायचाच असेल तर असं करा. दोन मायक्रोफायबर फडकी तुमची द्या, त्यातलं एक फक्त काचांसाठी. सांगणं सोपं ठेवा: "दादा, आपल्या गाडीला हेच फडकं वापर. रोज फक्त काचा आणि आरसे पूस, बॉडीला कोरडं फडकं लावू नको. रविवारी मी धुतो." पगार पूर्ण द्या. कमी काम सांगितलं म्हणून पैसे कापलेत तर पुढच्या आठवड्यात जुनं फडकं परत आलेलं दिसेल. त्याला आणखी एक गोष्ट सांगून ठेवा: सनरूफच्या काचेवर पाला असेल तर उचलून टाकायचा, कडेच्या फटीत लोटायचा नाही.

बेसमेंटवाल्यांसाठी एक जोड. स्लॅबमधून ठिबकणारं पाणी गाडीवर पडून पांढरे टणक डाग पडतात. हा सिमेंटमधून उतरलेला चुना असतो, आणि तो नखाने किंवा स्कॉचब्राइटने खरवडला की रंगही निघतो. पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून फडकं भिजवा, डागावर मिनिटभर धरा, हलकेच पुसून साध्या पाण्याने धुवा. जुना डाग एका फेरीत जात नाही. कमिटीकडे दुसरा पार्किंग स्लॉट मागणं हा खरा उपाय, पण त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

रविवारची बादली

हाताने धुणं अजूनही सगळ्यात चांगलं, फक्त नीट करायला हवं. पाइप सोडून दहा मिनिटं धार मारली तर शंभर लिटर पाणी सहज जातं. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर उन्हाळा काढतात, तिथे पाइप काढला तर वॉचमन येईलच, आणि त्याचं बरोबरच आहे. दोन बादल्यांत, तीस-चाळीस लिटरमध्ये गाडी स्वच्छ होते.

सावली आणि गार बोनेट या दोन अटी. ऑफिसहून आल्या आल्या तापलेल्या बोनेटवर साबण लावला की तो वाळून डाग पडतात. सनरूफ आणि सगळ्या काचा पूर्ण बंद करा. सनरूफ मागून किंचित वर उचललेलं असेल तर आतून बंदच वाटतं, म्हणून बटण एकदा दाबून खात्री करा.

सुरुवात चाकांपासून. सगळ्यात घाण पाणी तिथलंच, आणि त्याचं फडकं वेगळं. मग मगाने वरून साधं पाणी सोडून धूळ भिजू द्या, उतरू द्या. या टप्प्यात काही घासायचं नसतं. आपले लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

एका बादलीत कार शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी. शाम्पूत बुडवलेला मिट (गाडी धुवायचा हातमोजा) किंवा जाड मायक्रोफायबर छतापासून खाली आणायचा, सरळ रेषेत. एक पॅनेल झालं की मिट साध्या पाण्याच्या बादलीत पिळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. वाळू साध्या पाण्याच्या तळाशी बसते आणि शाम्पूची बादली स्वच्छ राहते. दारांच्या खालच्या कडा आणि मागचा बंपर शेवटी, तिथे चिखल जास्त असतो. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. चिकटपणा काढायलाच ती बनवलेली असतात, म्हणून गाडीवरचं मेणही ती सोबत घेऊन जातात.

धुऊन झाल्यावर वाळवणं टाळू नका. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार असतात. थेंब आपोआप वाळला की गोल पांढरी कड उरते. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं तिथे हा त्रास कमी, पण फ्लशिंगच्या किंवा बोअरच्या नळाने गाडी धुतली तर तिथेही तेच. जाड टॉवेल-मायक्रोफायबर गाडीवर पसरून ओढून घ्या, चोळू नका. सनरूफची काच आणि तिच्या कडा याच वेळी टिपा. ओल्या काचेवरून सनरूफ उघडलं की साचलेलं पाणी सरळ सीटवर येतं, आणि सोमवारी सकाळी माणूस म्हणतो की गाडी गळते.

कबुतरांचं तर बोलायलाच नको. त्यांची विष्ठा आम्लधर्मी, उन्हात क्लिअर कोट खाते. दिसली की ओल्या टिश्यूने भिजवून लगेच उचला, रविवारची वाट पाहू नका.

वॉशिंग सेंटरवर

माजिवडा, वागळे इस्टेट, नेरूळ, खारघर, कुठेही जा, फोम वॉश म्हणजे काही शे रुपयांत पाऊण तासाचं काम. पावसाळ्यात गाडीखालचा चिखल काढायला प्रेशरशिवाय पर्याय नाही, तेव्हा महिन्यातून एकदा तरी इथे जावंच. पाम बीच रोडच्या बाजूला किंवा खाडीकाठी राहणाऱ्यांनी तर नक्कीच. खाऱ्या हवेने खालचा पत्रा लवकर गंज धरतो.

इथे सनरूफला धोका नोझलच्या अंतराचा आहे. वॉशिंगवाला पोरगा हात लांब करून छताच्या फटीत जवळून धार मारतो, त्याला वाटतं कचरा निघतोय. प्रत्यक्षात ती धार रबराची कड उचलते आणि पन्हळीत एका दमात इतकं पाणी भरते की नळ्यांना ते झेपत नाही. उतरल्याबरोबर सांगा: "भाऊ, सनरूफ आहे. वरती लांबून मार, फटीत मारू नको." नोझल किमान एक फूट लांब आणि धार पसरलेली हवी. दारांच्या रबर बीडिंगला, पार्किंग सेन्सरना आणि मागच्या कॅमेऱ्याला हाच नियम. बोनेट उघडून इंजिनवर प्रेशर मारायला निघाला तर नको म्हणा. गेल्या गाडीचं फडकं तुमच्या गाडीवर येताना दिसलं तर खिशातलं तुमचं काढून द्या. जरा विचित्र वाटतं, पण पोरं मनावर घेत नाहीत.

ब्रशवालं मशीन

आपल्याकडे पंपांवर आणि सर्व्हिस सेंटरांत जे ऑटोमॅटिक मशीन दिसतं ते बहुधा कमानीचं. गाडी जागेवर उभी राहते आणि कमान पुढे-मागे सरकते. बाजूचे दोन ब्रश दारं घासतात, आडवा ब्रश बोनेटवरून छतावर चढून मागे उतरतो. परदेशात बोगद्यासारखंही असतं, तिथे गाडी पट्ट्यावरून पुढे सरकते. तिसरा प्रकार बिनब्रशचा, नुसत्या दाबाच्या पाण्याने आणि जास्त कडक रसायनाने धुणारा.

मशीन सनरूफ फोडतं का? नाही. काच बंद असेल, रबर धड असेल आणि नळ्या मोकळ्या असतील तर ब्रश काचेवरून सुखाने जातो. मशीनमधून बाहेर आल्यावर एखादा थेंब आत दिसला तर अख्ख्या मशीनच्या नावाने बोंब मारू नका, आधी अर्ध्या कपाची तपासणी करा. मशीनमध्ये कडेला पाण्याचा मारा पावसापेक्षा जोरात आणि वेगवेगळ्या कोनांतून होतो. जुलैत जी गळती दिसणारच होती ती मशीन आधी दाखवतं.

ओरखड्यांचं म्हणाल तर ब्रश कशाचा आहे यापेक्षा तुमच्या आधी कोणती गाडी आत गेली होती हे महत्त्वाचं. रांगेत उभं राहून एक गाडी पूर्ण होताना पाहा. येऊरहून चिखलाने माखून आलेली एसयूव्ही आधीच्या धारेशिवाय थेट ब्रशखाली घेतली जात असेल तर परत फिरा. आधी प्रेशरने चिखल उतरवून मग मशीनमध्ये घेत असतील तर पांढऱ्या-चंदेरी गाडीला बिनधास्त जा. काळ्या गाडीला मी हातानेच धुवायला सांगेन. पॅनेल नुकतं रंगवलेलं असेल तर महिनाभर ब्रश नको.

आत जाण्याआधीची तयारी रांगेतच उरका. सनरूफ आणि काचा बंद. आरसे मिटवा. छतावरची काडीसारखी अँटेना फिरवून काढा. वायपर ऑटोवर असतील तर बंद करा, नाहीतर काचेवर पाणी पडल्याबरोबर ते ब्रशच्या मध्ये हलायला लागतात आणि पाती वाकतात. दारांवर डबल टेपने चिकटवलेले रेन व्हायझर हाताने हलवून पाहा; सैल असतील तर ब्रश ते उचलून नेतोच. छतावर कॅरिअर असेल तर मशीन नाहीच. हाताशिवाय उघडणारी डिकी असेल तर ती सोय बंद करा किंवा चावी गाडीपासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत चार्जिंगचं झाकण नीट बसलंय का पाहा. बाकी गिअर आणि हँडब्रेकचं ऑपरेटर सांगेल तसं. कमानीखाली गाडी हलायला नको, पट्ट्यावर ती न्यूट्रलमध्ये मोकळी हवी.

धबधबा हा कार वॉश नव्हे. माळशेज घाटात दर पावसाळ्यात लोक गाडी धबधब्याखाली उभी करतात, सनरूफवाली तर मुद्दाम. 2023 साली धबधब्याखाली उभ्या केलेल्या एका एसयूव्हीच्या छतातून पाणी येतानाचा व्हिडिओ देशभर फिरला होता. वरून येणाऱ्या पाण्यात दगड-माती असते आणि इतका लोट वाहून न्यायला त्या पेन्सिलीएवढ्या नळ्या नाहीतच. गाडीही जाते, घाटात कोंडीही होते.

पाणी आत आलंच तर

आधी कुठून आलं ते ओळखा, कारण ठाण्यात सनरूफच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी गळत्या दुसऱ्याच असतात.

ब्रेक मारल्यावर छतातल्या पुढच्या दिव्यातून किंवा सन व्हायझरच्या कडेने पाणी टपकलं, तर ते सनरूफच्या पन्हळीत साचलेलं. गाडी थांबली की पाणी पुढे धावतं. छताच्या कापडावर खांबाच्या वरच्या टोकाशी पिवळसर नकाशा उमटला तर पुढची नळी तुंबली आहे किंवा वरून निसटली आहे. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागची नळी, किंवा टेललाइटचं गॅस्केट.

चालकाच्या शेजारच्या सीटपाशी, पायाखाली स्वच्छ गार पाणी आणि छत मात्र कोरडं? पाऊस नसलेल्या दिवशीही एसी लावल्यावर तसं होत असेल तर एसीची ड्रेन नळी बुजली आहे. मे महिन्यात आनंदनगरच्या सिग्नलवर एसी लावून उभं असताना गाडीखाली थेंबथेंब पाणी पडायला हवं. पडत नसेल तर ते आत जातंय. वायपरखालच्या जाळीत पानं भरली तरीही पाणी डॅशबोर्डच्या मागून पायाशी उतरतं. ती पानं बोनेट उघडून हाताने काढता येतात.

खात्री करायची असेल तर एकाला आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतायचं. आधी पुढच्या काचेवर, पाच मिनिटं थांबून दारांवर, सगळ्यात शेवटी छतावर. आत कधी पाणी दिसतं त्यावरून जागा कळते. सगळीकडे एकदम पाइप मारलात तर काहीच कळत नाही.

मग वाळवणं. मॅट काढून कारपेटवर हाताने दाबा, वर्तमानपत्र ठेवून त्यावर उभे राहा. कारपेट वरून कोरडं लागलं तरी त्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काचा उघड्या ठेवून तो कधीच वाळत नाही. बुरशीचा वास परफ्यूमने झाकू नका. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल मॉड्यूलही पायापाशीच असतात. पाणी लिटरभराच्या वर गेलंय असं वाटलं तर सीट काढून, कारपेट उचलून वाळवण्याचं काम वर्कशॉपलाच द्या, आणि लगेच द्या.

भर पावसात सनरूफ उघडं अडकलं, तर आधी बंद करायचं बटण सलग दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, बऱ्याच गाड्यांत मोटर त्याने पुन्हा ठिकाणावर येते. नेमकी रीत गाडीसोबतच्या पुस्तकात असते. नाहीच झालं तर जाड प्लॅस्टिक छतावर पसरा आणि त्याच्या कडा चारही दारांत अडकवून दारं लावा. चिकटपट्टी रंगाला लावू नका.

सर्व्हिस सेंटरला नेताना "सनरूफ गळतंय" एवढंच सांगून चावी देऊ नका. जॉब कार्डवर लिहून घ्या: चारही ड्रेन नळ्या तपासणे, मागच्या दोनसकट, छताचं कापड खाली घेतलं तर नळीचे वरचे जोड पाहणे, कारपेटखालचा फोम वाळवणे. वॉरंटीत काय बसतं तेही तिथेच विचारा. नळ्यांची साफसफाई बहुधा देखभालीत धरतात, पण निसटलेली किंवा चुकीची बसवलेली नळी हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यासाठी भांडायला हरकत नाही. ओल्या छताचे आणि पाण्याचे फोटो तारखेसह मोबाइलमध्ये असू द्या. संध्याकाळी गाडी घ्यायला जाल तेव्हा सही करण्याआधी सल्लागाराला सांगा: "साहेब, एक मग पाणी मागवा, इथेच ओतून बघू."